तोराजातल्या मयतीला

नागपूरहून काटोल रस्त्याला लागलं, की शहर विरळ होता होता जुनापाणीची शिळावर्तुळं, म्हणजे फार जुन्या काळातल्या कबरी, लागतात. मोठमोठे धोंडे गोलाकार मांडलेले, मधे माती-गोट्यांचा उंचवटा, काही धोंड्यांवर वाटीएवढे खळगे कोरलेले. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्यावर लिहिलं. पुढे माहुरझरी, नायकुंड भागातल्या उत्खननांत अशाच दफनांमध्ये लोखंडी हत्यारं सापडली, घोड्यांची हाडं सापडली, घोड्यांच्या अंगावरचे तांब्याचे साज सापडले. मी शाळेत इतिहास शिकवते. पोरांना तिथे घेऊन गेलं की एखादं तरी विचारतंच, "मॅडम, हे धोंडे ओढले कुणी? आणि ओढणाऱ्यांना जेवायला कोण घालत होतं?"

पहिल्या प्रश्नाचं थोडंफार उत्तर देता येतं. दुसऱ्याचं मला कधीच नीट देता आलं नाही. गडचिरोलीत भामरागडकडे माडिया लोक मेलेल्या माणसासाठी आजही दगड उभा करतात, ते मी पाहिलेलं होतं. पण शेकडो माणसं, जनावरांचा बळी, उभे दगड आणि कोरलेल्या कबरी हे सगळं एका जागी आणि चालू स्थितीत बघायचं असेल तर तोराजाला जावं लागेल, हे बरीच वर्षं डोक्यात होतं. शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीऐवजी जुलैत रजा काढली. सोबत माझी मोठी नणंद आल्या. घरात आम्ही त्यांना ताई म्हणतो. वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्यात. मृतदेहांना घाबरणारी सोबत तिथे कामाची नव्हतीच.

तोराजा म्हणजे इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या दक्षिण भागातला डोंगराळ मुलूख. भारतातून थेट विमान नाही. आम्ही क्वालालंपूरमार्गे मकासारला उतरलो. भारतीयांना विमानतळावर पोचल्यावर व्हिसा मिळतो, पाच लाख रुपियांचा. आकडा ऐकून दचकायला होतं, पण आपल्या हिशोबाने ते अडीच-तीन हजार रुपये. मकासारहून रांतेपाओ, म्हणजे तोराजातलं मुक्कामाचं गाव, तीनशेच्या वर किलोमीटर. रात्रीच्या बस चांगल्या आहेत, पाय लांब करून झोपता येतं, पांघरूण मिळतं. आम्ही मुद्दाम दिवसाची गाडी घेतली. पारेपारेपर्यंत समुद्र सोबत असतो, मग रस्ता एनरेकांगच्या डोंगरांत शिरतो आणि हवा बदलते. भाताच्या पायऱ्या, बांबूची बेटं, आणि मग पहिली तोंगकोनान दिसतात. दोन्ही टोकं आभाळाकडे उचललेल्या छपरांची ही कुळाची घरं. तोंड उत्तरेला, समोर रांगेने तशाच छपरांची धान्याची कोठारं, लाकडावर लाल, काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या रंगांत कोरीव काम. पुढच्या खांबावर रेड्यांची शिंगं एकावर एक बसवलेली. त्या घराने आजवर किती मोठ्या मयती केल्या, ते रस्त्यावरून जाणाऱ्यालाही समजतं.

हा मुलूख डचांच्या ताब्यात गेला तो १९०६ च्या सुमारास. पोंग तिकू नावाचा सरदार डोंगरी किल्ल्यांवरून त्यांच्याशी लढला आणि १९०७ मध्ये मारला गेला. १९१३ मध्ये मिशनरी आले. आज बहुतेक तोराजी लोक ख्रिस्ती आहेत. त्यांचा जुना धर्म अलुक तो दोलो. इंडोनेशियात तेव्हा सरकारमान्य धर्मांपैकी एखाद्यात नाव असावं लागे, म्हणून १९६९ मध्ये तो हिंदू धर्माची शाखा म्हणून नोंदला गेला. कागदावर हिंदू असला तरी तिथल्या विधींत आपल्या ओळखीचं फार थोडं आहे. एक गोष्ट मात्र ऐकताक्षणी ओळखीची वाटली. मेलेल्यांचा देश, ज्याला ते पुया म्हणतात, तो दक्षिणेला आहे.

रांतेपाओत आम्ही एक वाटाड्या ठरवला. हे करायलाच हवं, कारण मयत कुठल्या गावात, कुठल्या दिवशी, आणि त्या दिवशी नेमका कोणता विधी, हे बाहेरच्याला कळायला दुसरा मार्ग नाही. जुलै-ऑगस्ट हा मोसम. भाताची कापणी झालेली असते, सुरुवातीला शाळांनाही सुट्टी असते, आणि पापुआ, कालिमांतान, जकार्ता असे कामासाठी पांगलेले नातेवाईक घरी येतात. वाटाड्या तिशीतला, शांत बोलणारा. आम्हाला दोघींना तो "इबू", म्हणजे बाई, म्हणायचा. पहिल्याच संध्याकाळी त्याने सांगितलं, "रिकाम्या हाताने जायचं नाही. साखर आणि सिगारेटचं मोठं खोकं घ्या. आणि काळे कपडे." माझ्याकडे काळी साडी होती, ताईंनी बाजारातून काळा सदरा घेतला.

मयतीच्या आधी तो आम्हाला त्याच्या लांबच्या मावशीकडे घेऊन गेला. तोराजात श्वास थांबला म्हणून माणूस लगेच मेलेला धरत नाहीत. मयतीचा विधी सुरू होईपर्यंत तो आजारी असतो, घरातच राहतो. कधी काही महिने, कधी काही वर्षं. सगळे नातेवाईक जमायला हवेत, रेड्यांचे पैसे उभे राहायला हवेत. या मावशीची आई वर्षभरापूर्वी गेली होती. घर साधं, सिमेंटचं, पत्र्याचं छप्पर. जिना चढतानाच ताई थबकल्या आणि माझ्या कानात म्हणाल्या, "फॉर्मेलिन." देह टिकवायला आता सगळीकडे तेच वापरतात. गेल्यावर लवकरात लवकर टोचून घेतात.

खोलीत नक्षीच्या कापडाने मढवलेल्या उघड्या पेटीत आजी होत्या. चेहरा सुकलेला, काळपट, केस नीट विंचरलेले, डोळ्यांवर चष्मा. उशाशी ताटलीत भात आणि भाजी, कपात कॉफी, बाजूला पानसुपारी. मुलगी पेटीवर वाकली आणि नेहमीच्या आवाजात काहीतरी बोलली. वाटाड्याने सांगितलं: "आई, भारतातून पाहुण्या आल्यात, तुला भेटायला." आम्ही हात जोडले. मग तिथेच, त्याच खोलीत, चटईवर बसून आम्ही कॉफी घेतली. नातू कोपऱ्यात मोबाइलवर खेळत होता, त्याची आई त्याला आवाज कमी करायला सांगत होती. आजी झोपल्यात म्हणून.

परतताना ताई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, आयुष्यभर मी या वासात काढलं. प्रत्येक वर्षी मुलांना शिकवलं की टेबलावरच्या देहाचा मान ठेवा. पण कॉफी प्यायलीस का, असं त्याला विचारायचं कधी सुचलं नाही मला." माझ्या सासूबाई, म्हणजे ताईंची आई, गेल्या तेव्हा ताई रेल्वेने वाटेत होत्या. आपल्याकडे थांबत नाहीत. चार-सहा तासांत सगळं आटपतं. त्या पोचल्या तेव्हा घर धुऊन झालं होतं. हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही आणि मीही काढलं नाही, पण दोघींच्याही मनात तेच होतं.

मयत होती एका निवृत्त शाळामास्तरांची. गेल्याला दीड वर्ष झालं होतं. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानाला रांते म्हणतात. त्याच्या चारी बाजूंनी बांबूचे मांडव उभारले होते, त्यांना लांतांग म्हणतात. प्रत्येकाला लाल कापड गुंडाळलेलं, प्रत्येकावर आकडा रंगवलेला, कुठल्या नातलगांनी कुठे बसायचं ते ठरलेलं. या मांडवांसाठी गाव काही आठवडे राबलं होतं आणि काम संपलं की सगळे पाडून टाकायचे होते. मधे उंच लाकडी मनोरा, त्यावर पेटी. पेटी तिथे आणतात ती मिरवणुकीने. पुढे लांबलचक लाल कापड डोक्यावर धरून बायका, मागे छपराच्या आकाराच्या पालखीखाली खांदा देणारे पुरुष, ओरडत, पालखी हलवत, एकमेकांवर पाणी उडवत. आपल्या डोळ्यांना हा धांगडधिंगा वाटतो. वाटाड्या म्हणाला, मास्तरांना एकट्याने, गुपचूप न्यायचं का?

पाहुण्यांचा दिवस मी कधी विसरणार नाही. एकेक कुळ रांगेने येतं. सगळ्यांत पुढे म्हातारे, मग काळ्या कपड्यांतल्या बायका, मागे तरणी पोरं बांबूला बांधलेली डुकरं खांद्यावर घेऊन. डुकरं जिवाच्या आकांताने ओरडत असतात, ध्वनिक्षेपकावर कोण आलं ते जाहीर होत असतं. यजमान त्यांना मुख्य मांडवात बसवतात, पान, सिगारेट, कॉफी, गोड वड्या देतात, आणि घटकाभराने ते उठतात कारण पुढचं कुळ दाराशी आलेलं असतं. हे सकाळपासून दुपारपर्यंत अखंड. आम्हीही त्याच रांगेतून गेलो. मास्तरांच्या बायकोने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि काही विचारलं. मी कुठे शिकवते, असं विचारत होत्या. मी सांगितलं, नागपूरला, इतिहास. त्या वळून शेजारच्या बाईला मोठ्याने सांगू लागल्या, आणि मग तो अख्खा मांडव माझ्याकडे वळून हसला. मास्तरांच्या मयतीला दुसऱ्या देशातून एक मास्तरीण आली होती.

मांडवाच्या एका कडेला टेबल टाकून दोन माणसं बसली होती. एकाकडे जाड वही. प्रत्येक डुक्कर, प्रत्येक रेडा, कुणी आणला, केवढा आहे, हे तो लिहीत होता. रेड्याची शिंगं हाताच्या मापाने मोजतात, बोटांपासून मनगटापर्यंत, कोपरापर्यंत, त्याच्यावर. दुसरा सरकारी माणूस, कापायच्या जनावरांवर जिल्ह्याचा कर असतो, तो गोळा करणारा. वाटाड्याने वहीकडे बोट दाखवलं, "इबू, मयतीचं सगळं इथे आहे." आपल्याकडे लग्नात आहेराची वही असते, तशीच ही. फरक एवढाच, की इथे तुमच्या घरी आलेला रेडा त्यांच्या घरी मयत झाली की तेवढाच परत करावा लागतो. बाप गेला तर मुलाने, मुलगा परदेशी असेल तर तिथून पैसे पाठवून. वाटाड्याच्या वडिलांच्या मयतीला मास्तरांनी दोन डुकरं दिली होती. आज तो ती परत करायला आला होता, आणि एक जास्त घेऊन आला होता. ते एक आता मास्तरांच्या मुलांवर चढलं. हे देणं कुणाला फेडून मोकळं व्हायचं नसतं. फिटलं तर नातं संपेल.

तिथे, त्या टेबलाशेजारी उभं राहून, मला माझ्या पोरांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. धोंडे ओढणाऱ्यांना जेवायला घालणारा एकटा राजा नसेलही. सगळे एकमेकांच्या देण्यात असतील, पिढ्यान्‌पिढ्या, आणि कुणी गेलं की ते देणं भात आणि मांस होऊन मैदानात उतरत असेल. जुनापाणीच्या माणसांचं असंच होतं असं मी म्हणणार नाही, त्यासाठी माझ्याकडे पुरावा नाही. पण आता वर्गात मी त्या वहीबद्दल सांगते.

रेडे कापतात तो भाग सोपा नव्हता. पोळ्याला बैलाला पुरणपोळी भरवणाऱ्या घरातली मी. रेड्याचा पुढचा पाय खुंट्याला बांधतात, एक माणूस वेसणीच्या दोराने मान वर उचलतो आणि सुऱ्याचा एकच घाव गळ्यावर. रेडा दोन पावलं टाकतो, गुडघे मोडतात. पोरं बांबूच्या नळ्या घेऊन रक्त धरायला धावतात. बारा रेडे होते. तिसऱ्यानंतर मी मांडवात जाऊन बसले. ताई शेवटपर्यंत उभ्या होत्या. पुयाची वाट लांब आहे आणि रेडे मृताला तिथवर नेतात, अशी जुनी समजूत. त्या दिवशी सकाळीच पाद्री येऊन प्रार्थना करून गेले होते, आणि तरी रेडे हवेच होते. मग मांसाचे वाटे पडतात. लाकडी मचाणावर उभा राहून एकजण नाव पुकारतो आणि वाटा खाली टाकतो. कुणाला कुठला भाग, हे मानाप्रमाणे ठरलेलं. त्यावरून पूर्वी भांडणं झाल्याचं सांगतात. चर्चचा वाटा, शाळेचा वाटा, गावातल्या गरिबांचा वाटा. संध्याकाळपर्यंत एवढ्या मांसातलं काही उरलं नाही.

रात्री माबादोंग. काळ्या कपड्यांतली माणसं करंगळीत करंगळी अडकवून मोठा गोल धरतात आणि अगदी संथ पावलांनी फिरत मेलेल्याची कहाणी गातात. त्याचा जन्म, त्याचं लहानपण, त्याचं मोठेपण, त्याचा प्रवास. वाद्य नाही, नुसता घोगरा, खालचा स्वर. बांबूच्या नळीतून ताडी फिरत असते. मी त्या गोलाच्या बाहेर बसून किती वेळ ऐकलं ते मला सांगता येणार नाही. एक शब्दही कळत नव्हता आणि उठवत नव्हतं.

मधल्या एका दिवशी आम्ही रांतेपाओजवळच्या बोलूच्या बाजारात गेलो. मोठा बाजार दर सहा दिवसांनी. चिखलाच्या मोठ्या मैदानात शेकडो रेडे, आणि त्यांना मुलांसारखं न्हाऊ घालणारे मालक. साधा रेडा दोन-चार कोटी रुपियांचा, म्हणजे लाख-दोन लाख रुपयांचा. पण काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, निळसर डोळ्यांचा तेदोंग बोंगा असेल तर किंमत त्याच्या कितीतरी पट. ज्याला आपण कोड म्हणून नाक मुरडू, त्याच कातडीवर इथे घर विकलं जातं. या खर्चाबद्दल तोराजी लोकही आपसात वाद घालतात, हे आवर्जून सांगते. वाटाड्याची बहीण शिक्षिका आहे. ती म्हणाली, तिच्या नवऱ्याच्या घरी मयतीपायी दोन मुलांचं कॉलेज राहिलं. काही चर्च रेडे कापायलाच नकार देतात. मला तिचं पटतं. आणि त्या मांडवात बसल्यावर मास्तरांच्या बायकोचंही पटतं. दोन्ही एकत्र पटवून घेणं मला अजून जमलेलं नाही.

कबरी आम्ही बऱ्याच पाहिल्या. लेमोला उभ्या कड्यात चौकोनी खोल्या कोरलेल्या आणि त्यांच्या गॅलऱ्यांत मृतांचे लाकडी पुतळे, ताउ-ताउ, हात पुढे पसरून रांगेने उभे. मोठ्या मानाच्या माणसांचेच असे पुतळे होत. सत्तर-ऐंशीच्या दशकांत यातले कितीतरी चोरीला जाऊन परदेशी संग्राहकांकडे पोचले. आज अनेक ठिकाणी नवे पुतळे आहेत किंवा जुने जाळीआड कोंडलेले. लोंडाच्या गुहेत बत्ती घेतलेला माणूस पुढे चालतो, पेट्यांच्या फटींतून हाडं दिसतात, कवट्यांपुढे लोकांनी सिगारेटी ठेवलेल्या. कांबिराला एक मोठं झाड आहे. दात येण्याआधी गेलेल्या बाळांना त्याच्या खोडात पोकळी करून ठेवत आणि वर ताडासारख्या एका झाडाच्या काळ्या धाग्यांचं झाकण बसवत. झाडाचा पांढरा चीक म्हणजे बाळाचं दूध. तिथे ताई लवकर बाहेर पडल्या. का ते मला ठाऊक आहे.

बोरी कालिम्बुआंगला मात्र मी अर्धा दिवस मागून घेतला. हिरव्या मैदानात उभे दगड, लहान-मोठे मिळून १०२. त्यांना सिम्बुआंग म्हणतात. काही गुडघ्याएवढे, काही माणसाच्या दुपटीहून उंच. असा दगड उभा करायचा तर मयतीला निदान २४ रेडे कापावे लागतात, म्हणून तो फक्त मोठ्या घराण्यांचा. दगडाचा आकार रेड्यांच्या संख्येवर ठरत नाही, असं तिथल्या म्हाताऱ्याने समजावलं. डोंगरात जो सापडला, जो ओढता आला, तो. जमिनीवर बांबू अंथरून, दोर लावून, गाणं म्हणत ओढायचा. ओढणाऱ्यांना रोज डुक्कर आणि भात, दगड जागेवर येईपर्यंत. रेडे कापण्याआधी याच दगडांना बांधत. एका दगडाच्या बुंध्याशी दोराने घासून घासून झालेली गुळगुळीत खाच होती. मी तिच्यात बोट फिरवून पाहिलं. जुनापाणीला दगडांवर अशी खाच आहे का, हे मी कधी शोधलंच नव्हतं. आता शोधते आहे.

मास्तरांना शेवटी गावामागच्या खडकातल्या कबरीत, लिआंगमध्ये, ठेवलं. एवढं कठीण कोरीव काम करायला महिने लागतात, म्हणून एका कबरीत अख्खं कुटुंब येतं. बांबूची शिडी लावली, पेटी ढकलत ढकलत वर नेली. शेवटच्या हातभर अंतराला पेटी अडकली तेव्हा खालून सगळ्यांनी एकच गलका केला आणि ती आत गेली. मग मास्तरांची मुलगी रडली. दीड वर्ष घरात बोलत-चालत होती त्यांच्याशी, आणि आता दार लागलं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. ऑगस्टमध्ये काही गावांत मानेने असतो. कबरीतून पूर्वजांचे देह बाहेर काढून, ऊन दाखवून, कपडे बदलून पुन्हा ठेवतात. इंटरनेटवर तोराजाची जी छायाचित्रं फिरतात ती बहुतेक त्याचीच. वाटाड्याने आम्हाला विचारलं होतं, तारखा जुळत होत्या. ताई म्हणाल्या, "ज्यांना आपण ओळखत नाही त्यांच्या आजोबांचे कपडे बदलताना आपण काय करणार तिथे?" आम्ही गेलो नाही. मयतीचं तसं नसतं. तिथे पाहुणा आलेला हवा असतो, गर्दी हा मृताचा मान असतो. तरी मांडवात बसायची परवानगी वाटाड्याने नव्हे, घरच्यांनी द्यायची असते. आधी त्यांच्याकडे जाऊन बसा, साखर-सिगारेट त्यांच्या हातात द्या, कॉफी दिली तर संपवा, आणि कॅमेरा काढायचा असेल तर तोंडाने विचारा. जनावर कापताना पाहवणार नसेल तर वाटाड्याला आधीच सांगा, तो बसायची जागा त्याप्रमाणे मागून घेतो. शाकाहारी असाल तर भात, पालेभाज्या आणि मिरचीची चटणी मिळते, पण मयतीच्या दिवशी सोबत काहीतरी बांधून न्या. आणि रांतेपाओत किमान आठवडाभर हाताशी ठेवा, कारण मयतीचा दिवस घरचे ठरवतात आणि तो पुढेही ढकलतात. आमच्या वेळी ढकलला होता, पापुआहून येणाऱ्या धाकट्या मुलाची बोट चुकली म्हणून.